चौथी फेरी

मेजरसाहेब पहिल्यांदा दुकानात आले त्या दिवसापर्यंत आपलं मराठी हसण्यासारखं आहे हे मला माहीत नव्हतं. अप्पांचं शिवणाचं दुकान कंटोन्मेंटच्या बाजूला, एका बेकरीला लागून होतं, आणि शाळा सुटल्यावर त्यांचा रिकामा डबा घरी न्यायला मी तिथे थांबत असे. त्या दिवशी काउंटरशी एक उंच गोरा माणूस उभा होता. मान उन्हाने लाल झालेली, अंगात चांगल्या कापडाचा पण बाह्यांशी विरलेला कोट. अप्पा मला म्हणाले, "पद्मा, स्वल्प थांब. या साहेबांची अळते घेतो आणि डबा देतो." तो माणूस आमच्याकडे वळला आणि हसत म्हणाला, "अळते? माप म्हना की ओ, माप! मराठी मानसं ना तुमी?" अप्पांच्या हातातला टेप खाली पडला.

आम्ही साडेतीनशे वर्षांचे बंगळूरकर. घोडदळाबरोबर तंबू आणि जीन शिवत आमचे पूर्वज इकडे उतरले आणि इथलेच झाले, असं अप्पा सांगत. घरात मराठी होती, पण मोठ्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का, आमटीला हुळी आणि 'बरं'ला सरी. सातारा-कोल्हापूर आम्ही फक्त नकाशात पाहिलेलं. आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यात जन्मलेला हा माणूस साताऱ्याकडच्या शेतकऱ्याचं अस्सल मराठी बोलत होता. मेजर टियर्नी त्यांचं नाव. ऐन तरुणपणी ते इकडे आले, मराठ्यांच्या पलटणीत अधिकारी झाले आणि जवानांकडून त्यांची भाषा शिकले. पुस्तकातून नव्हेच. शिव्या, हाका, ओव्या आणि जेवणाची नावं अशी शिकले. देश स्वतंत्र झाल्यावर बाकीचे गोरे अधिकारी बोटीने परत गेले, हे मागे राहिले. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरी आमची येगळी भाषा व्हती. इंग्रजी मला बी शाळंत मार खाऊन शिकाय लागली. मग हितंच काय वाईट हाय?"

माझी नातसून सायली पुण्याची. ती माझं बोलणं ऐकून म्हणते, "आजी, तुमचं मराठी सो क्यूट आहे!" मला राग येत नाही. राजाजीनगरच्या या फ्लॅटमध्ये, खालून मेट्रो गेल्याचा आवाज येत असताना, मला त्या दुकानातलं मेजरसाहेबांचं हसणं आठवतं. तेव्हाही राग आला नव्हता.

त्या दिवसांत मेजरसाहेबांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेने विझत चालली होती. समोरचं माणूस दिसे, पण छापील अक्षर पोहता पोहता बुडून जाई, असं ते म्हणत. अप्पांनी बोलता बोलता सांगितलं की मुलगी इंग्रजी शाळेत दहावीला आहे. त्यावर ठरलं की शनिवारी आणि रविवारी सकाळी मी जाऊन त्यांना वर्तमानपत्र आणि आलेली पत्रं वाचून दाखवायची. आईला ते फारसं पसंत नव्हतं. "गोऱ्या माणसाचं घर, बाईमाणूस नाही," ती म्हणाली. मग ती स्वतः एकदा येऊन लूर्दम्माला भेटून गेली. लूर्दम्मा म्हणजे मेजरसाहेबांची स्वयंपाकीण, तमिळ बोलायची, गळ्यात क्रॉस, आणि साहेबांवर तिचा असा धाक की आई परतताना म्हणाली, "सरी. ही असताना भिण्यासारखं काही नाही."

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. कौलांवर खारी धावायच्या. लूर्दम्मा मागच्या दारी दगडावर मसाला वाटायची, त्याची एकसारखी घसरती लय. साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, डोळे मिटून, मी बातम्या वाचत असायची. मध्येच म्हणायचे, "हां, ते परत वाच." आई माझ्याबरोबर रागीच्या भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा द्यायची. पहिल्यांदा भाकरी फोडून त्यांनी एक घास ठेच्याला लावून खाल्ला. मग म्हणाले, "ज्वारीची न्हाय, पर भाकर हाय." लूर्दम्मा मला अंड्याचं पुडिंग द्यायची, ते मी घरी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे अंडं चालत नसे.

त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. चांदीचा क्रॉस, पांढऱ्या फितीवर मधोमध जांभळा पट्टा. तो भिंतीवर नव्हता. कपाटात मोज्यांच्या खणात होता, आणि रुमाल शोधताना मला दिसला. त्याबरोबरचा कागद मी त्यांच्या परवानगीने वाचला. इटलीत एका नदीपाशी, पहाटेच्या हल्ल्यातून माघार घेताना, मशीनगनचा मारा चालू असताना, हा अधिकारी छातीभर पाण्यातून तीन वेळा पलीकडे गेला आणि तीन जखमी जवानांना पाठीवर घेऊन आला. ते म्हणाले, "इंग्रजी चांगलं लिवलंय ना? ठेव तिथंच."

त्या वर्षी नुकतीच एक लढाई होऊन गेली होती आणि गावोगाव भरती चालू होती. डिसेंबरात, वालासारख्या अवरेकाळूच्या शेंगा बाजारात आल्या होत्या तेव्हा, मेजरसाहेबांना एक पोस्टकार्ड आलं. मराठीत. ते मराठी बोलत, पण वाचायला-लिहायला कधी शिकलेच नव्हते. मला शाळेतल्या हिंदीमुळे आणि अप्पांच्या भजनाच्या वह्यांमुळे देवनागरी येत होती. पत्र साताऱ्याकडच्या एका खेड्यातून, यसूबाई नावाच्या बाईने शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. तिचा नवरा नाईक धोंडिबा त्याच नदीवर, त्याच पहाटे मारला गेला होता. तेव्हा मुलगा पोटात होता. आता तो वीस वर्षांचा झाला होता आणि बापाच्या पलटणीत जायचं म्हणून हटून बसला होता. "माझा एकच लेक आहे," मास्तरांनी लिहिलं होतं. "साहेबांनी मालकांना शेवटचं पाहिलं. साहेबांनीच सांगावं, पोराला धाडू का नको."

साहेबांनी ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं. मग पुढचे दोन आठवडे त्याचं नावही काढलं नाही. तिसऱ्या शनिवारी मी गेले तर टेबलावर कोरे कागद आणि दौत काढून ठेवली होती. "लिव," ते म्हणाले.

सुरुवातीला सोपं होतं. धोंडिबा कसा होता, पलटणीत कुस्त्यांमध्ये कसा जिंकायचा, थंडीत सगळ्यांना कसा हसवायचा. ते 'हाय' म्हणत, मी 'आहे' लिहीत होते. ते 'व्हता' म्हणत, मी 'होता'. मला वाटत होतं मी त्यांचं पत्र नीटनेटकं करते आहे. मग ते थांबले, आणि आवाज न बदलता पुढे बोलले.

"यसूबाई, मी तवा तुमास्नी कळवलं व्हतं की धोंडिबा गोळी लागताक्षनी गेला. ते खोटं व्हतं. तो तासभर जिता व्हता. नदीच्या पल्याड, द्राक्षाच्या मळ्याच्या भिताडाला टेकून. मला हाका मारत व्हता. मी तिघांस्नी आनलं. चौथ्या खेपंला माझं पाय उठलं न्हाईत. मी अल्याड बसून ऱ्हायलो आनि त्याचा आवाज बंद हुईस्तवर ऐकत ऱ्हायलो. ह्ये ध्येनात घ्या, आनि मग पोराचं ठरवा."

माझी लेखणी थांबली होती. त्यांना ते दिसत नव्हतं. आत लूर्दम्मा वाटण वाटत होती. मी सोळा वर्षांची होते. एवढं मोठं काही कुणी माझ्यासमोर कधी बोललं नव्हतं. मला डोळ्यांसमोर एक बाई दिसली, चुलीपुढे बसलेली, आणि मास्तर तिला हे वाचून दाखवतायत. मी लिहिलं: "धोंडिबांची आठवण मला रोज येते. मुलाचं काय ते तुम्हीच ठरवा."

"वाच," ते म्हणाले. मी वाचलं. कागदावर होतं ते वाचलं, आणि कागदावर नव्हतं तेही वाचलं, त्यांच्याच शब्दांत. मग त्यांचा हात धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर नेला आणि त्यांनी सही केली. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले असेन, पण आंधळ्या होत चाललेल्या माणसाचा हात धरून सही घेणं ही गोष्ट मी एकदाच केली.

घरी येऊन मी नेहमीसारखी जेवले. खरं तर मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटत होता. एका विधवेचं दुःख मी वाचवलं असं वाटत होतं.

उत्तर महिन्याभराने आलं. त्या दिवशी साहेब व्हरांड्यात येरझारा घालत होते. पोस्टमनने कार्ड दिलंय हे लूर्दम्माने सांगितलं होतं. मी वाचू लागले. "साहेबांच्या पत्राने जीव थाऱ्यावर आला. मालक एका क्षणात गेले, त्यांना सोसावं लागलं नाही, एवढ्या आधारावर मी आजवरचे दिवस काढले. त्याच आधारावर पोरगं देते. पुढच्या महिन्यात भरती आहे."

"म्होरं?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच आहे."

"मी लिवलं त्यावर काय बी न्हाई?"

मी तेव्हासुद्धा काहीतरी रचू शकले असते. शब्द ओठांवर आलेही होते. पण 'त्याच आधारावर' हे दोन शब्द मला कार्डावरून हलू देईनात. तो आधार मी ठेवला होता, आणि त्यावर एक बाई आपला एकुलता एक मुलगा ठेवत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. खुर्ची चाचपून बसले. मग म्हणाले, "तुला वाटलं बाईला सोसायचं न्हाई."

"हो."

"मला बी तवा ह्येच वाटलं व्हतं." आणि मग, "घरला जा. अप्पाला लावून दे."

अप्पा मशीनवर होते. मी सांगत असताना त्यांनी पाय थांबवला नाही, शिवण पूर्ण केली, दोरा दातांनी तोडला. मग म्हणाले, "पद्मा, मी गिऱ्हाइकाची अळते घेतो तेव्हा टेप जे सांगतो तेच वहीत लिहितो. पोट सुटलेलं असलं तर सुटलेलं लिहितो. त्याला बरं वाटावं म्हणून दोन इंच कमी लिहिले तर कोट कुणाचा फाटेल?" एवढंच. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते तसेच उठून मेजरसाहेबांकडे गेले आणि दोघांनी मिळून तार केली: मुलाला थांबवा, मी येतो.

पण साहेबांना जावं लागलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी अप्पांच्या दुकानाचा पत्ता विचारत एक बाई आणि एक तरुण आले. तारेत अप्पांचा पत्ता होता. काष्ट्याचं नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात गाठोडं. यसूबाई. "तारंत येवढंच लिवलं म्हंजी गोष्ट वाईट हाय," ती म्हणाली. "वाईट गोष्टीसाठी म्हाताऱ्या मानसाला कशाला हिंडवायचं? आमीच आलो." मेजरसाहेब तेव्हा पंचावन्नचेही नव्हते.

अप्पा त्यांना आधी घरी घेऊन आले. पाहुणे उपाशी नेणं त्यांना पटेना. आई अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती. यसूबाई हातपाय धुऊन आली आणि न विचारता सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने शेंग हातात घेऊन हुंगली. "ह्यो कसला वाल म्हनायचा?" आई म्हणाली, "अवरे. हुळी करते, तुम्ही ऊटा करून जावा." यसूबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमटी. जेवून जा म्हणतेय." ती हसली. मला तिचं हसणं बघवेना. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले, आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. तिचा मुलगा, शंकर त्याचं नाव, ओसरीवर ताठ बसला होता, जणू भरतीच्या रांगेतच.

दुपारी आम्ही चौघं मेजरसाहेबांकडे गेलो. ते व्हरांड्यात उभे होते. अप्पांनी शिवलेला नवा कोट घातला होता, पण पदक नाही. यसूबाई पाया पडायला वाकली तशी ते मागे सरकले. "न्हाई. आदी ऐका. बसा."

आणि त्यांनी सांगितलं. कागदासाठी सांगितलं होतं तसंच, पण या वेळी समोर माणूस होतं. मी खांबाला धरून उभी होते. गोष्ट द्राक्षाच्या मळ्याच्या भिंतीपर्यंत आली तेव्हा त्यांचा आवाज गेला. परत आला तेव्हा त्यांनी 'पाय उठलं न्हाईत' हे दोनदा म्हटलं, पहिल्यांदा पुरेसं ऐकू गेलं नसेल असं वाटून.

यसूबाई खाली बघत होती. लूर्दम्माने पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. शंकर उभा राहिला होता. यसूबाईने त्याचा हात खाली ओढला तेव्हा बसला.

"हाक काय मारत हुते?" तिने विचारलं.

"सायेब म्हनत व्हता."

"आनि?"

साहेबांनी मान खाली घातली. "तुमचं नाव घेत व्हता. मागनं मागनं निसतं तुमचंच."

तिने पदर तोंडावर घेतला. पण रडण्याचा आवाज आला नाही. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, परत आला. मग तिने पदर खाली केला. "इतकी वर्सं मला ते मेलेलंच दिसायचं," ती म्हणाली. "गोळी लागली, मेलं. त्याच्यात मी कुटंच न्हवते. आता तासभर हाय तरी." आणि काही वेळाने, अगदी कोरड्या आवाजात: "तुमी यायला पायजे हुतं, सायेब."

"व्हय," मेजरसाहेब म्हणाले.

"तिघांच्या बाया तुमचं नाव घेत असतील."

"असतील."

तिने माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि साहेबांनी मागितलंही नाही. मग ती माझ्याकडे वळली. मी पत्र बदललं एवढं अप्पांनी तिला वाटेत सांगितलं असावं. "ते पत्र तू लिवलंस?"

मी मान हलवली.

"अक्षर चांगलं हाय म्हनत हुतं मास्तर." मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे रोखून बघत होती. "पर पोरी, दुसऱ्या बाईला काय सोसंल ते तू ठरवायचं न्हाई."

पुष्कळ वर्षांनंतर माझ्या नवऱ्याच्या तपासणीचा कागद आला तेव्हा मुलाने आणि डॉक्टरांनी मिळून चार दिवस तो माझ्यापासून लपवला. आईला झेपणार नाही म्हणून. कळलं तेव्हा मी मुलाला समोर बसवलं आणि यसूबाईचं हेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते चार दिवस मला नवऱ्याबरोबर हवे होते. ते मला मिळाले नाहीत. सोळाव्या वर्षी मी ते वाक्य फक्त शिक्षा म्हणून ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी यसूबाईने शंकरला आमच्या ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "समदं ऐकलंस न्हवं? आता मी हो म्हनत न्हाई आनि न्हाई बी म्हनत न्हाई. तुझं तू ठरीव." तो जेवला नाही. आईने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेकडे जाणाऱ्या गाडीवर आम्ही त्यांना पोहोचवायला गेलो. मेजरसाहेबही आले होते. मी त्यांचा कोपर धरून फलाटावरून नेत होते. त्यांनी पुन्हा मला हात धरू दिला, ही माफी मला कुणी काही न बोलता मिळाली. यसूबाई खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर. आईने भाकरी बांधून दिली होती ती तिने तिथेच उघडून एक तुकडा खाल्ला आणि "जरा काळी हाय, पर गोड हाय" म्हणाली. शंकर मात्र डब्यात चढेना. गाडीने शिटी दिली तसा तो आमच्याकडे आला, मेजरसाहेबांच्या समोर, अगदी जवळ, त्यांना आपला चेहरा दिसावा असा उभा राहिला.

"सायेब, एक इचारू?"

"इचार."

"तवा तुमास्नी भ्या वाटलं हुतं?"

"लई," मेजरसाहेब म्हणाले. "तिन्ही खेपंला वाटलं. चौथ्या खेपंला त्येच जिकलं."

शंकरने खिडकीतल्या आईकडे पाहिलं. "मला बी वाटतंय," तो म्हणाला. "घरी सांगायची लाज वाटत हुती. बापाला कवा वाटलंच न्हाई असं समदी म्हनायची. आता लाज न्हाई." मग तो वळला, सुटलेल्या गाडीबरोबर चार पावलं धावला आणि दांडीला धरून चढला. पुढच्या महिन्यात तो भरती झाला.